एका गाडीवर दोन चालक: भिवंडी ते गुरुग्राम मार्गावरील एक प्रकरण अभ्यास

भिवंडीच्या गोदामांतून उत्तर भारतात बंद कंटेनर पाठवणाऱ्या मुंबईतील एका छोट्या वाहतूक व्यवसायाने २०२३ च्या उत्तरार्धात आपल्या काही गाड्या ‘डबलवर’ टाकल्या, म्हणजे एका गाडीवर एकाऐवजी दोन चालक ठेवले. या व्यवसायाचा हिशेब आणि गाड्यांची रोजची नोंद माझ्याकडे असते. पुढील मांडणी त्या नोंदींवर, चालकांशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यावर आणि मालकांनी घेतलेल्या निर्णयांवर आधारलेली आहे. संबंधितांची नावे दिलेली नाहीत. भाड्याच्या रकमाही दिलेल्या नाहीत, कारण त्या ग्राहकाशी झालेल्या कराराचा भाग आहेत. तास आणि अंतरे मात्र दिली आहेत, कारण दोन चालक ठेवावेत की नाही या प्रश्नाचा निकाल रुपयांच्या आधी तासांवर लागतो, असे या प्रकरणातून दिसले.

पार्श्वभूमी

मालक मूळचे जुन्नर तालुक्यातील. वडिलांच्या काळात वाशीच्या बाजार समितीत भाजीपाला आणणाऱ्या एका ट्रकवर सुरू झालेला हा धंदा आज डझनाच्या आत गाड्यांचा आहे आणि त्यांतील बहुतेक गाड्या बत्तीस फुटी बंद कंटेनर आहेत. मानकोली येथे मोठे गोदाम असलेला, घरगुती वापराच्या वस्तू आणि सौंदर्यप्रसाधने पाठवणारा एक ग्राहक हा त्यांचा मुख्य आधार. माल जातो हरियाणात, गुरुग्राम जिल्ह्यातील बिलासपूर आणि फरुखनगर भागातल्या गोदामांत. अंतर सुमारे १४०० किलोमीटर. भिवंडीतून अंजूरफाटा, कामण, चिंचोटीमार्गे किंवा वाडा, मनोरमार्गे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर यायचे आणि सुरत, वडोदरा, अहमदाबाद, उदयपूर, किशनगड, जयपूर असे वर चढत जायचे.

करार नव्याने करताना ग्राहकाने एक अट घातली. गाडी मानकोलीच्या फाटकातून बाहेर पडल्यापासून ४८ तासांत बिलासपूरच्या फाटकावर लागली पाहिजे, उशीर झाल्यास भाड्यातून दंड कापला जाईल. तोपर्यंत हीच गाडी एकट्या चालकाच्या हाती अडीच ते तीन दिवस घेत असे आणि त्याबद्दल कोणाची फारशी तक्रार नव्हती.

महामार्गावर अवजड वाहनाला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि गाडीतील वेगनियंत्रक त्यापुढे जाऊ देत नाही. टोलनाके, शहरांजवळची गर्दी, रस्त्यांची कामे आणि चढ धरले तर भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४५ च्या आसपास पडतो. म्हणजे १४०० किलोमीटरसाठी चाक फिरते राहण्याचे ३१ तास लागतात. एकटा चालक रोज दहा तास चालवणार असेल तर चौथा दिवस उजाडतो. बारा-तेरा तास ताणले तर साठ तासांत गाडी पोहोचते. ४८ तासांत पोहोचवायची तर त्याला दोन दिवस रोज पंधरा-सोळा तास चाकावर बसावे लागेल. रस्त्यावर असे बसणारे चालक आहेत, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ट्रकचालकांच्या पाहणीत जवळपास निम्म्या चालकांनी थकवा किंवा झोप येत असतानाही गाडी चालवत असल्याचे सांगितले होते. मालकांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट केले की एका माणसाच्या जिवावर ही अट आपण स्वीकारणार नाही. त्यामुळे पर्याय दोनच उरले: काम सोडणे किंवा दुसरा चालक देणे.

कायदा काय म्हणत होता

दोन चालकांची कल्पना आपल्याकडे नवी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये राष्ट्रीय परवान्याच्या मालगाडीवर किमान दोन चालक असावेत आणि चालकाच्या आसनामागे दुसऱ्याला आडवे होता येईल अशी जागा असावी, असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात बहुतांश गाड्यांवर एक चालक आणि एक क्लीनर असे, आणि तपासणीच्या वेळी क्लीनरलाच चालक म्हणून पुढे करण्याची रीत सर्रास होती. २०१८ मध्ये दोन चालकांची सक्ती काढून टाकण्यात आली. वाहतूकदारांनी त्याचे स्वागत केले, कारण न पाळल्या जाणाऱ्या नियमावर चिरीमिरी देण्याचा एक प्रसंग कमी झाला.

कामाच्या तासांचा नियम मात्र वेगळा होता. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना लागू होणारा मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत होता. लांब पल्ल्यासाठी अधिकाऱ्याच्या मान्यतेने ती दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत नेता येत असे, पण त्यापुढे नाही, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागे. हे प्रकरण घडले तेव्हा हाच कायदा आमच्यासमोर होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या २०२० च्या कामगार संहितांमध्ये तो सामावून घेण्यात आला आहे.

या मर्यादेत दोन चालकांची गाडी बसते का, हे कागदावर मांडून पाहिले. ३१ तास चाक, त्यात जेवण, डिझेल, अदलाबदल आणि आंघोळीचे पाच तास मिळवले तर गाडी ३६ तासांत पोहोचते. अशा धावण्यात प्रत्येकाच्या वाट्याला चोवीस तासांत दहा तासांहून थोडे जास्तच चालवणे येते. याचा अर्थ, दोघे असूनही गाडी ‘नॉनस्टॉप’ पळवली तर कायद्याची वरची रेघ ओलांडली जाते. मध्ये चार तास गाडी उभी केली तर एकूण वेळ ४० तास होतो, प्रत्येकाचे चालवणे साडेनऊच्या आत येते आणि ४८ तासांच्या अटीत आठ तास हाताशी उरतात. ही आकडेमोड करारावर सही करण्यापूर्वी झाली होती, तरीही पहिले काही महिने कोणीही गाडी मध्ये उभी केली नाही. दोन चालक आहेत म्हटल्यावर गाडी थांबवणे हा कामचुकारपणा वाटू लागतो. मालकांनाही वाटे, चालकांना स्वतःलाही वाटे.

जोड्या कशा लागल्या

पहिल्या जोड्या नात्यागोत्यातून लागल्या, कारण दोन रात्री एकाच केबिनमध्ये काढायच्या तर ओळखीचा माणूस बरा, असे सर्वांचेच मत पडले. पाथर्डी तालुक्यातील पन्नाशीचे एक जुने चालक आणि त्यांचा आष्टीकडचा तिशीच्या आतला भाचा, ही पहिली जोडी. दुसऱ्या गाडीवर गत्यंतर नव्हते म्हणून एक नगरकडचा आणि एक आझमगढचा, असे परस्परांना अनोळखी चालक बसवले गेले. हीच जोडी आधी मोडणार अशी कार्यालयात पैज लागली होती.

सुरुवातीचे फायदे डोळ्यांत भरणारे होते. गाड्या वेळेत लागू लागल्या. गाडी कुठेही उभी असली तरी एक माणूस त्यात राहू शकत असल्यामुळे रात्री टाकीतून डिझेल काढले जाण्याचे प्रकार या गाड्यांपुरते थांबले. टायर बदलणे, अरुंद फाटकातून गाडी मागे घेणे, गेटपास आणि बिल्टीसाठी (माल पाठवल्याच्या पावतीसाठी) खिडकीवर रांग लावणे, या सगळ्यात दुसऱ्या हाताचा उपयोग होत होता. एकाला ताप आला तर गाडी परमुलखात अडकून पडत नव्हती. आझमगढच्या चालकाला गुजरातमधील वळणवाटा पाठ होत्या आणि नगरकडच्याला कागदपत्रे उत्तम कळत, त्यामुळे दोघे एकमेकांकडून शिकले. उस्ताद आणि क्लीनर ही जुनी शिकवणी भाड्यांच्या ओढाताणीत संपली आहे, तिची थोडी भरपाई अशा जोडीत होते.

कुरबुरीही लगेच सुरू झाल्या, आणि त्या बहुतेक क्लीनरच्या रिकाम्या जागेवरून होत्या. काच कोणी पुसायची, गाडी मागे घेताना खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ कोणी करायचे, टायरवर हातोडी मारून हवा कोणी पाहायची? दोघेही पगारी चालक, दोघांच्या खिशात अवजड वाहनाचा परवाना. ‘मी ड्रायव्हर आहे, क्लीनर नाही’ हे वाक्य मी फोनवर इतक्या वेळा ऐकले की शेवटी नियमच लिहून द्यावा लागला: चाकावरून जो उतरला, पुढचा थांबा होईपर्यंत खालची कामे त्याची. नियम साधा आहे, पण लिहून दिला तेव्हाच तंटे थांबले.

डिझेलचा प्रश्न याहून अवघड निघाला. एकट्या चालकाला ठरलेल्या मायलेजपेक्षा डिझेल वाचवल्यास बक्षीस आणि जास्त जाळल्यास जाब, ही या व्यवसायाची जुनी पद्धत. दोघे चालवतात तेव्हा उतारावर गिअर काढून गाडी सोडणारा कोण आणि चढावर उगाच ॲक्सिलरेटर दाबणारा कोण, हे टाकीवरून कळत नाही. जीपीएस गाडी कुठे आहे ते सांगते, चाकावर कोण आहे ते सांगत नाही. बक्षीस आणि जाब दोन्ही जोडीच्या नावावर केले गेले. त्यात चांगल्या चालकावर अन्याय होतो, हे मान्यच करावे लागते. एका चालकाने याच कारणावरून डबलवर जायला नकार दिला आणि तो आजही एकटाच जातो.

धावत्या बर्थमधली झोप

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडे सविस्तर.

चालकाच्या आसनामागची झोपायची फळी, म्हणजेच बर्थ, सुमारे दोन फूट रुंद असते. ब्रेक लागला की झोपलेला माणूस पुढे सरकतो. टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गाडी गेली की दातांपर्यंत हादरा पोहोचतो. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे नाक्यावरची रांग आखडली, पण पट्टे, ब्रेक आणि एअर ब्रेकचा फुत्कार तेवढेच राहिले. पाथर्डीच्या चालकाने फळीच्या कडेला जुन्या ताडपत्रीचा हातभर रुंद पट्टा दोन हुकांना ताणून बांधला होता, झोपेत खाली पडू नये म्हणून. गाडी बनवणाऱ्याने द्यायला हवी ती गोष्ट त्याने कळंबोलीतल्या ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतली होती. त्यात दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग असताना चालकाला गाढ झोप लागत नाही, हा सगळ्या चालकांचा अनुभव. डोळे मिटलेले असतात, पण कान इंजिनकडे आणि पाय नसलेल्या ब्रेकवर.

२०२४ च्या सुरुवातीला घोडबंदर ते तलासरी पट्ट्यात महामार्गावर काँक्रीटचा थर टाकण्याचे काम सुरू होते आणि वसई-विरार परिसरात गाड्या तासन् तास अडकत. मामा-भाच्याची गाडी अशीच अडकून चार तास उशिरा गुजरातमध्ये शिरली. उशीर भरून काढायचा म्हणून जेवणाचा थांबा आखडला गेला. वडोदऱ्याच्या अलीकडे पुन्हा गर्दी लागली, त्या वेळी भाचा फळीवर होता. पहाटे तीनच्या सुमारास हिम्मतनगरला मामांनी गाडी कडेला घेतली, भाच्याला हाक मारली आणि स्वतः मागे जाऊन आडवे झाले. तो उठून थेट चाकावर बसला. अर्ध्या तासाच्या आत गाडी डावीकडे ओढली गेली आणि कठड्याला घासत पुढे गेली. आरसा तुटला, कंटेनरचा खालचा पत्रा काही फूट फाटला. माणसांना काही झाले नाही, माल सुखरूप राहिला, आणि विशेष म्हणजे गाडी ४८ तासांच्या आत पोहोचली.

नोंदवहीत भाच्याच्या नावावर त्या रात्री सहा तासांची विश्रांती लिहिलेली होती. ती खोटीही नव्हती. तो सहा तास फळीवर आडवा होता. नंतर कार्यालयात मी त्याला एकटे बसवून विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘डोळा लागलाच नव्हता. पण मामांनी उठवल्यावर त्यांना कसं सांगणार, तुम्हीच अजून दोन तास चालवा म्हणून?’’ नात्यातली जोडी बरी, या आमच्या समजुतीला इथे तडा गेला. मोठ्या माणसाला नाही म्हणायचे नसते, हे आपल्या घरांत लहानपणापासून मुरवलेले असते आणि पहाटे तीन वाजता महामार्गावर तेच अंगाशी येते. नगर-आझमगढ जोडीत ही अडचण नव्हती. तिथे दोघे एकमेकांना सरळ सांगत, ‘आज माझ्याच्याने होत नाही.’ ज्या जोडीवर कार्यालयाने पैज लावली होती, ती आजपर्यंत टिकली आहे.

झोपेविषयीचे संशोधन या घटनेशी जुळते. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराची सावधानता दिवसभरातील सर्वांत खालच्या पातळीवर असते आणि गाढ झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटे मेंदू पुरता जागा झालेला नसतो. हिम्मतनगरला पहाटेची ही वेळ आणि न झालेली झोप एकत्र आल्या. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी ट्रकमध्ये कॅमेरे आणि झोपेची उपकरणे लावून केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की जोडीने चालवणाऱ्यांची बर्थमधील झोप हलक्या प्रतीची असली तरी अतिशय पेंगुळलेल्या अवस्थेत ओढवलेले धोक्याचे प्रसंग एकट्या चालकांमध्येच अधिक होते, कारण जोडीदार असला की माणूस आपली शक्ती संपण्याच्या आत चाक सोडतो. जोडी धोका कमी करते, पण तेवढ्यासाठी चाक सोडण्याची आणि नाकारण्याची मुभा खरोखर असावी लागते. आमच्या पहिल्या जोडीत ती फक्त कागदावर होती.

धावत्या गाडीतली झोप विश्रांती मानावी की नाही, यावर जगातही एकवाक्यता नाही. अमेरिकेत बर्थमधला वेळ विश्रांतीत धरला जातो. तिथे सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर ११ तास चालवता येते आणि त्या विश्रांतीचे बर्थमध्ये ७ आणि ३ तास असे तुकडे पाडता येतात. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांत मात्र दोन चालकांच्या गाडीवर प्रत्येकाला ३० तासांच्या आत किमान ९ तासांची दैनिक विश्रांती मिळावी लागते आणि ती गाडी उभी असतानाच घ्यावी लागते. धावत्या गाडीत शेजारी बसून केवळ ४५ मिनिटांचा मधला विराम धरता येतो. आपल्या रस्त्यांची आणि केबिनची अवस्था पाहता युरोपची भूमिका मला अधिक पटते.

या घटनेनंतर मालकांनी काही गोष्टी बदलल्या. रात्री दोन ते सहा या वेळात गाडी किमान चार तास उभी राहील, इंजिन बंद, आणि ती कुठे उभी राहील ते निघतानाच ठरेल: शक्यतो अहमदाबादच्या पुढचे, पहाटे चहा आणि पाणी मिळणारे मोठे पेट्रोल पंप. हाच तो चार तासांचा थांबा, जो करारापूर्वीच्या कागदावर होता. अदलाबदलीनंतर अर्धा तास गाडी हलणार नाही. ‘झोप झाली नाही’ असे सांगणाऱ्याला कारण विचारले जाणार नाही आणि त्यामुळे होणाऱ्या उशिराचा दंड चालकांकडून कापला जाणार नाही. शेवटची अट मालकांना जड गेली, कारण तो दंड त्यांच्याच खिशातून जाणार होता. मामा-भाच्याची जोडी दोघांच्या संमतीने वेगळी केली गेली.

हिशेब

दोन चालकांमुळे महिन्याला किती फेऱ्या वाढतात, यावर हा सारा व्यवहार उभा आहे. पगार आणि भत्ता दुप्पट होतो, कर्जाचा हप्ता, विमा, कर तेवढेच राहतात, डिझेल आणि टोल फेरीगणिक लागतात. दुसऱ्या चालकाचा खर्च भरून निघून वर काही उरायचे असेल तर गाडीने महिन्याला किमान एक फेरी जास्त मारली पाहिजे, दोन मारल्या तर मालक खूश.

आता टोकांवरचा वेळ धरून पाहू. जाण्यायेण्याचा प्रवास दोघांनी मिळून साडेतीन दिवसांत होतो, एकट्याने पाच दिवसांत. दोन्ही टोकांना भरणे आणि खाली करणे मिळून दोन दिवस गेले तर डबलच्या गाडीच्या महिन्याला साडेपाच फेऱ्या होतात आणि एकट्याच्या सव्वाचार. फरक एका फेरीहून जास्त, म्हणजे हिशेब बसतो. तेच टोकांवर पाच दिवस गेले तर डबलच्या साडेतीन आणि एकट्याच्या तीन. फरक अर्ध्या फेरीवर येतो आणि दुसऱ्या चालकाचा पगारही निघत नाही.

प्रत्यक्षात काय झाले? पहिल्या काही महिन्यांत गाड्या वेळेआधी लागत आणि फाटकाबाहेर उभ्या राहत. शनिवारी रात्री बिलासपूरला पोहोचलेली गाडी सोमवारी दुपारी खाली झाल्याच्या नोंदी माझ्याकडे आहेत. ४८ तासांची अट ज्या ग्राहकाने घातली त्याच्याच गोदामात गाडी खाली करून घ्यायला माणसे नव्हती. दोन चालक, एक अरुंद केबिन, जवळपास धड शौचालय नाही, आणि भर उन्हात गाडी रांगेत. एकट्या चालकाला हे सहन करावे लागते तेव्हा एकाची मजुरी वाया जाते, इथे दोघांची जात होती. भिवंडीतही तेच. परतीचे भाडे घेऊन आलेली गाडी सकाळच्या गर्दीत ठाण्याकडून शहरात जाऊ शकत नाही, कारण गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. त्यामुळे पहाटे चारला पोहोचलेली गाडी आणि सकाळी दहाला पोहोचलेली गाडी दुपारी एकाच वेळी रिकामी होते.

मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते, म्हणजे या अंतराला सात दिवस. कागदाला घाई नाही, रस्त्याला अंत आहे, आणि सर्वाधिक वेळ खातो तो दरवाजा. दुसऱ्या चालकाने वाचवलेले वीस तास फाटकाबाहेर खर्ची पडत असतील तर आपण पैसे मोजून काय विकत घेतले, हा प्रश्न मालकांनी ग्राहकाच्या माणसांपुढे जीपीएसच्या नोंदींसह मांडला. गाडी दारात लागल्याची वेळ आणि रिकामी झाल्याची वेळ, एवढे दोनच रकाने. वाद फार झाला नाही. गाडी लागल्यापासून ठरावीक तासांनंतर हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे, पैसे सुरू होतील आणि ते दोन चालकांच्या हिशेबाने मोजले जातील, हे कलम करारात आले. त्यानंतर गाड्या लवकर रिकाम्या होऊ लागल्या. गोदामात माणसे वाढली असे मला वाटत नाही, आमच्या गाडीचा नंबर आधी लागू लागला असावा.

चालकांच्या बाजूनेही हिशेब आहे. फेरी लवकर संपते म्हणून घरी जास्त दिवस मिळतील, या आशेवर अनेक जण डबलला तयार झाले होते. झाले उलटे. गाडी लवकर परतली की लगेच दुसऱ्या फेरीला लागे. महिन्याला साडेपाच फेऱ्या म्हणजे मालकाच्या वहीत यश आणि चालकाच्या घरी गैरहजेरी. भत्ता फेरीवर मिळत असल्याने उत्पन्न वाढले, तरी चौथ्या महिन्यात दोघांनी काम सोडण्याची भाषा केली. आता सलग तीन फेऱ्यांनंतर जोडीला चार दिवस सुट्टी असते आणि त्या काळात गाडीवर बदली चालक जातात. त्यासाठी चालकांची संख्या वाढवावी लागली, हा डबलचा एक छुपा खर्च.

तिसरा मार्ग

दोन चालक एकाच केबिनमध्ये कोंबण्याऐवजी गाडी पुढे जात राहावी आणि चालक टप्प्याटप्प्यावर बदलावेत, असा एक पर्याय आपल्या देशात करून पाहिला गेला आहे. रिव्हिगो या कंपनीने २०१४ नंतर हीच पद्धत उभी केली. चालक काही तास गाडी चालवून ठरलेल्या ठाण्यावर ती दुसऱ्याकडे सोपवी आणि उलट दिशेच्या गाडीने त्याच दिवशी घराकडे परते. झोपेचा आणि घराचा प्रश्न एकदम सुटतो. पण त्यासाठी दर काही तासांच्या अंतरावर ठाणी, दोन्ही दिशांना सतत वाहणाऱ्या गाड्या आणि मोठे भांडवल लागते. त्या कंपनीचा एक्सप्रेस व्यवसाय २०२२ मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. दहा-अकरा गाड्यांच्या मालकाला हे एकट्याने जमण्यासारखे नाही. आमच्या मालकांनी वाशीतील ओळखीच्या दोन वाहतूकदारांशी अहमदाबादला चालक अदलाबदल करण्याविषयी बोलणी केली होती, परंतु आपली गाडी दुसऱ्याच्या माणसाच्या हाती द्यायला कोणीच धजावले नाही. विमा, डिझेल आणि अपघाताची जबाबदारी कोणाची, या मुद्द्यांवर बोलणी थांबली.

सध्याची व्यवस्था

आज या व्यवसायात फक्त ४८ तासांच्या अटीचा माल डबलवर जातो आणि दुसऱ्या चालकाचा खर्च भाड्यात वेगळा दाखवलेला असतो. बाकीच्या मार्गांवर, विशेषतः इंदूर आणि हैदराबादकडे, एकच चालक जातो आणि त्याला रात्रीचा थांबा सक्तीचा आहे. जोड्या चालक स्वतः सुचवतात, पण काका-पुतण्या, मामा-भाचे, सासरा-जावई अशा जोड्या लावल्या जात नाहीत. भाऊ चालतात, मात्र वयात फार अंतर नसेल तर. पहिल्या महिन्यानंतर दोघांशी वेगवेगळे बोलून जोडी ठेवायची की नाही ते ठरते.

कोणती गाडी डबलवर टाकायची, हेही आता केबिन पाहून ठरते. दोन जुन्या गाड्यांत मागची फळी इतकी अरुंद आहे की पाय सरळ होत नाहीत. २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालगाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, त्यामुळे या दोन गाड्या विकून झोपण्याची पूर्ण जागा असलेल्या नव्या गाड्या घेण्याचा मालकांचा विचार आहे. बँकेकडे प्रस्ताव गेला आहे. तोपर्यंत या दोन गाड्यांवर दोन चालक पाठवायचे नाहीत, ग्राहकाने भाडे वाढवून दिले तरीही, असे कार्यालयातील फळ्यावर लिहून ठेवले आहे. दिवाळीच्या तोंडावर ग्राहकाने एकदा तशी मागणी केली होती. मालकांनी भाडे परत केले आणि तो माल दुसऱ्या वाहतूकदाराकडे गेला.